गाडी रेस घेते पण ओढत नाही. क्लच प्लेट गेली की वायर?

कपाशीवाला (ता. आर्णी, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. घरची ८०० सीसीची छोटी पेट्रोल गाडी आहे, २०१३ चं मॉडेल, ७० हजार किमीच्या वर पळाली. क्लच अजून मूळचाच आहे, कधी उघडला नाही. यंदा पावसाळ्यात वावराच्या पाणंदीत गाडी फसली. काळी माती कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे, चाकाच्या खाचा भरून गेल्या की टायर नुसता गोटा होतो. मागंपुढं करून पाहिली, शेवटी ट्रॅक्टर लावला. तेव्हा भल्ला जळका वास आला होता.

त्याच्यानंतर दोन त्रास चालू झाले. आर्णीहून यवतमाळकडे जाताना चढ लागला की चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडते, रेस वाढते, पण गाडी वेग घेत नाही. आणि सकाळी गाडी काढताना रिव्हर्स टाकला की कर्रर्र करते.

गावातल्या मिस्त्रीनं रिव्हर्ससाठी पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या वायरचा नट आवळून दिला. रिव्हर्स थोडा बरा झाला, पण चढावरचा त्रास वाढला. तालुक्याच्या गॅरेजवाला म्हणे पूर्ण क्लच सेट आणि फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाची जड चकती) बदला, दुसरा इलाज नाही. बाबांना तपासणीसाठी वर्ध्याला न्यावं लागते, रस्त्यात गाडी उभी राहिली तर पंचाईत. कापूस अजून घरातच आहे, म्हणून खर्च समजून उमजून करायचा आहे. काय करावं?

वर्धेकर

भाऊ, रेस वाढते आणि गाडी पळत नाही म्हणजे प्लेट संपली. ७० हजार पुष्कळ झाले. सेट टाका न मोकळे व्हा.

कपाशीवाला

तेच वाटते, पण मग रिव्हर्स काहून घासून राहिला? प्लेट घसरते तर गिअर सोपा पडायला पाहिजे न?

वर्कशॉपवाले काका (पुसद)

कपाशीवाला भाऊ, प्रश्न बरोबर विचारला. सगळा उलगडा त्यातच आहे. गिअर बॉक्स खाली उतरवायची घाई करू नका. माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, आता घरीच असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लचचे रोग दोन आणि ते एकमेकांच्या उलटे. पहिला, क्लच पकडत नाही. इंजिन फिरतं, पण प्लेट फ्लायव्हील आणि तिला त्यावर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मध्ये घसरते. चढावर, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये हे आधी कळतं, कारण ओढ तिथेच जास्त लागते. दुसरा, क्लच सोडत नाही. पेडल पूर्ण दाबलं तरी प्लेट मोकळी होत नाही, थोडी फिरतच राहते. मग पहिला आणि रिव्हर्स जड पडतो, रिव्हर्स घासतो, कधी पेडल दाबलेलं असताना गाडी हळूच पुढं सरकते.

नुसती प्लेट झिजली तर पहिला रोग होतो, दुसरा होत नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. दोन्ही एकदम दिसले की मी आधी वायरकडे पाहतो.

आता वायर आणि प्लेटचा हिशेब समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. पेडल दाबलं की वायर गिअर बॉक्सवरचा लिव्हर ओढते. लिव्हर आतला फोर्क हलवतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या दाबतं, तेव्हा प्लेट सुटते. या सगळ्याच्या आधी पेडल थोडं मोकळं, हाताच्या बोटानंही जाईल इतकं हलकं चालतं. तो प्ले. वायरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो १० ते २५ मिमीच्या आत कुठंतरी असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात सापडेल.

वायर जुनी होऊन ताणली की प्ले वाढतो आणि क्लच सोडत नाही. प्लेट झिजली की उलटं होतं. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगच्या पट्ट्या बेअरिंगकडे येतात, आणि प्ले कमी कमी होत जातो. म्हणजे झिजलेल्या प्लेटला वायर ढिली करून प्ले द्यावा लागतो. तुमच्या मिस्त्रीनं आवळली. रिव्हर्स सुधारला, पण उरलासुरला प्लेही गेला असणार. प्ले शून्य झाला की कोणी पेडलवर पाय ठेवलेला नसतानाही बेअरिंग पट्ट्यांवर दाब देत राहतं. प्लेटला पूर्ण पकड मिळत नाही. ती घसरते, तापते आणि आणखी झिजते. चढावरचा त्रास वाढला तो यामुळं.

आता घरीच एवढं करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडल हातानं दाबून प्ले किती आहे ते फूटपट्टीनं मोजा. मग घरातल्या कोणाला पेडल सावकाश दाबायला आणि सोडायला सांगा, तुम्ही बॉनेट उघडून गिअर बॉक्सवरच्या लिव्हरकडे पाहा. तो सरळ जातो का, सोडल्यावर पटकन आणि पूर्ण मागे येतो का, की अडखळतो? वायरचं टोक लिव्हरला जिथं अडकतं तिथले तार तुटलेत का तेही पाहा.

मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनमध्येही जड पडत असतील तर दोष क्लचचा नाही, गिअरच्या लिंकेजचा (दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीचा) किंवा बॉक्सचा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना घासतात, तर क्लच सोडत नाही हे नक्की. चालू इंजिनमध्ये रिव्हर्स पाहताना क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग टाका. बऱ्याच गाड्यांच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर आत जाण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, लगेच टाकला तर चांगला क्लचही आवाज करतो.

घसरण पाहायला मोकळा सपाट रस्ता घ्या. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. चांगल्या क्लचमध्ये इंजिन जड आवाज करतं आणि आवाज वेगाबरोबरच चढत जातो. आवाज एकदम वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट घसरते. आरपीएमचा काटा नसला तरी कान पुरतो. काही जण हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का पाहतात. चाचणी बरोबर आहे, पण पुन्हापुन्हा केली तर चांगली प्लेटही भाजते. ती टाळलेलीच बरी.

वर्धेकर

काका, हे माहीत नव्हतं. प्ले कमी होणं म्हणजे प्लेट झिजल्याची खूण, हे आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

शिक्षिका (परतवाडा)

मध्येच विचारते. माझी शाळा मेळघाटात आहे, परतवाडा ते चिखलदरा घाट नेहमीचा. वर चिखलदरा हजार मीटरच्याही पुढं आहे, त्यामुळे चढ संपता संपत नाही. माझ्या गाडीत चढावर उभ्या ट्रकच्या मागून निघताना थरथर होते, पूर्ण गाडी हलते. एकदा निघाली की काही नाही. हाही क्लचच का?

वर्कशॉपवाले काका (पुसद)

ताई, बहुतेक क्लचच, पण आधी इंजिन ज्यांवर बसतं ते माउंटिंग रबर पाहून घ्या. ते फाटले तरी अशीच थरथर होते आणि ते स्वस्तात होतं. बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्यानं पहिल्या गिअरमध्ये थोडासा क्लच सोडला तर इंजिन किती उचलतं ते बाजूनं दिसतं. समोर कोणी उभं राहू नये.

माउंटिंग ठीक असेल तर प्लेटला तेल लागलेलं असतं, नाहीतर फ्लायव्हीलवर जास्त तापल्याचे डाग पडलेले असतात. तेल इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून येतं. इंजिन आणि बॉक्सच्या सांध्याखाली ओलं दिसतं का पाहा. तेल लागलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवायला कोणी सांगेल, ऐकू नका. तेल प्लेटच्या अस्तरात, म्हणजे पकड धरणाऱ्या थरात, मुरतं आणि तापलं की पुन्हा बाहेर येतं.

आणि घाटात गाडी क्लचवर तोलून धरू नका. अर्धा क्लच आणि अर्धा ॲक्सिलरेटर देऊन चढावर उभी राहणारी गाडी प्लेट खाते. पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच पकडायला लागला की इंजिनचा आवाज थोडा उतरतो, तेव्हा हँडब्रेक सोडा. दोन दिवस जमत नाही, मग सवय होते. चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचीही गरज नाही, त्यानं रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं.

गॅरेज (पांढरकवडा)

काकांशी पूर्ण सहमत. माझं गॅरेज हायवेजवळ आहे. कापसाच्या हंगामात आमच्याकडे क्लचच्या गाड्या जास्त येतात. जिनिंगसमोर रांग लागली की गाडी फूटभर पुढं, परत उभी, आणि ड्रायव्हर सगळा वेळ अर्ध्या क्लचवर. त्यात वर ओझं. रांगेत गाडी न्यूट्रलला टाकून क्लच सोडायचा, एवढंच मी प्रत्येकाला सांगतो.

आवाजाचं लिहितो, कारण लोक तिथं सर्वांत जास्त गोंधळतात. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडल दाबल्यावर सूंऽऽ किंवा खरखर आली तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर बंद होतो, तर गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दुसऱ्या प्रकारात नवा क्लच सेट टाकून काहीच फरक पडत नाही. माझ्याकडे नवा सेट टाकलेल्या गाड्या तोच आवाज घेऊन आलेल्या आहेत, गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले पाहून वाईट वाटतं.

पावसाळ्यात आणखी एक होतं. गाडी महिना-दोन महिने कोठ्याजवळ ओलीत उभी राहिली की प्लेट गंजानं फ्लायव्हीलला चिकटते. मग क्लच दाबला तरी एकही गिअर पडत नाही. लगेच बॉक्स उतरवू नका. इंजिन गरम होऊ द्या, बंद करा, मोकळ्या मैदानात समोर कोणी नसताना दुसऱ्या गिअरमध्ये टाकून सेल्फ मारा, गाडी चालू लागेल. क्लच पूर्ण दाबून धरा आणि ॲक्सिलरेटरला झटके द्या, अधूनमधून ब्रेक. बहुतेक वेळा प्लेट कडकन सुटते. नाही सुटली तरच उघडायची.

वर्धेकर

आणि वायर रस्त्यातच तुटली तर? रात्री आडगाव-खेडेगावात टोइंगवाला कुठून आणायचा?

गॅरेज (पांढरकवडा)

घरापर्यंत आणता येते. इंजिन बंद, पहिला गिअर, चावी फिरवा. जुन्या छोट्या गाड्या सेल्फवरच झटका देऊन चालू होतात. ज्या नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही त्यांत हे जमत नाही. पुढं दुसऱ्यात टाकायचं तर थोडा वेग घ्या, ॲक्सिलरेटर सोडा, गिअर हलक्या हातानं न्यूट्रलला ओढा, इंजिनचा आवाज उतरू द्या, मग बोटांनी दाब देत राहा, वेळ जुळली की गिअर आपोआप आत जातो. जोर लावायचा नाही. थांबायचं असेल तेव्हा आधीच न्यूट्रल. गावातून, शाळेजवळून, बाजारातून असं चालवू नका, तिथं गाडी ढकलत न्या. तुमच्या गाडीला वायर असेल तर जुनी पण चांगली एक वायर डिकीत ठेवा. मारुती ८०० आणि अल्टोसारख्या गाड्यांची वायर तालुक्याच्या कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात मिळते.

कपाशीवाला

काका, सांगितलं तसं सगळं करून पाहिलं.

प्ले जवळपास नाहीच. बोट लावलं की लगेच जड लागते. पेडल बायकोनं दाबलं, मी लिव्हर पाहिला. जाताना अडखळत जाते. सोडल्यावर थोडं मागं येते, थांबते, मग उरलेलं सावकाश येते. वायरच्या टोकाशी तीन-चार तार तुटून वर आलेत, अन् रबराच्या टोपीत वाळलेला चिखल भरला आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर मस्त पडतात. नट ढिला करून प्ले दिला तर रिव्हर्स पहिल्यापेक्षा जास्त घासतो.

वर्कशॉपवाले काका (पुसद)

निदान झालं. वायर नळीत अडकते. दाबताना पूर्ण ओढत नाही म्हणून रिव्हर्स घासतो, सोडताना पूर्ण परत येत नाही म्हणून प्लेट घसरते. एकाच वायरनं दोन्ही रोग.

आधी फक्त वायर बदला. काही शेकड्यांचं काम आहे. नवी बसवताना जुनीचाच मार्ग ठेवा, कुठंही मोडपी वळण येऊ देऊ नका आणि सायलेन्सरच्या गरम पाइपपासून लांब ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात इंजिनची धग मिळाली की नळीचं प्लास्टिक मऊ पडतं. प्ले पुस्तकाप्रमाणं लावा. लिव्हरचा शाफ्ट जिथं बॉक्समध्ये जातो तिथला चिखल साफ करा, तोही जाम असेल तर नवी वायरही थोड्या दिवसांत तुटेल.

मग चढावर चाचणी घ्या. प्लेट घसरून तापली असेल तर तिचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं, तेव्हा चढावर अजून घसरू शकते. तसं झालं तरच सेट.

कपाशीवाला

कळवतो काय झालं ते. वायर टाकली, रिव्हर्स एकदम साफ पडला. सपाट रस्त्यावर घसरणंही गेलं. पण चौघं बसून यवतमाळचा चढ चढलो तर चौथ्यात तोच आवाज. म्हणून शेवटी बॉक्स उतरवला, मी स्वतः बाजूला उभा राहून पाहिलं.

जुनी प्लेट अन् नवी प्लेट शेजारी ठेवली. नवीच्या अस्तरावरच्या खाचांत नख अडकते, जुनीत खाचाच उरल्या नव्हत्या, रिव्हेटची डोकी अस्तराच्या बरोबरीनं आली होती. प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे पट्टे. बेअरिंग हातानं फिरवलं तर रेती असल्यासारखं वाजत होतं. सील दोन्ही कोरडे निघाले. फ्लायव्हीलला खोल चर नाही, नखाला काही लागत नाही, म्हणून मिस्त्री म्हणे बारीक पॉलिश पेपर मारून हेच चालते. फ्लायव्हीलचे पैसे वाचले.

वर्कशॉपवाले काका (पुसद)

छान केलं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही सोबत टाका, कारण मजुरी बॉक्स उतरवायचीच असते, सुटा भाग टाकून पुन्हा तीच मजुरी द्यायला नको. प्रेशर प्लेट निळी झाली म्हणजे स्प्रिंगही तापलेली आहे, तिचा भरवसा नाही.

मिस्त्रीला एवढं सांगा. फ्लायव्हील आणि नवी प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरनं पुसायची, नव्यावर गंज न धरण्यासाठी लावलेलं तेल असतं. ग्रीस लागलेल्या हातानं अस्तर धरायचं नाही. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी पातळ हात फिरवल्याइतकंच, जास्त झालं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. प्लेट मधोमध बसवायला डमी शाफ्ट वापरा, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा, एका बाजूनं पूर्ण आवळले तर ती वाकते. एक्सल काढताना बॉक्सचं ऑइल सांडतं, ते पुन्हा लेव्हलपर्यंत भरलं का ते डोळ्यानं पाहा. हे राहून गेलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि त्यात चांगला बॉक्स जातो.

आतली काळी धूळ हवेच्या पाइपानं उडवू देऊ नका. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात बसतं. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क. आणि गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर असताना खाली कोणीही शिरायचं नाही. वीट ओझ्याखाली अचानक फुटते. लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नका, मिस्त्रीचंही घर आहे.

नवा क्लच पहिले काही शे किमी सांभाळून वापरा, ओझं ओढायचं नाही, चढावर ताणायचं नाही. त्यानंतर प्ले पुन्हा एकदा मोजा.

शिक्षिका (परतवाडा)

काका, माझ्या गाडीचं इंजिनचं एक माउंटिंग फाटलेलं निघालं. बदललं, थरथर गेली. बॉक्स उघडावाच लागला नाही. मनापासून आभार.

धुऱ्यावरचा (ता. मेहकर)

याच धाग्यात विचारतो. आमची डिझेल गाडी आहे, वायर नाही, ऑइलवाला क्लच. सकाळी पेडल खाली जाते ते वर येतच नाही, पायानं उचलावं लागते. चार-पाच वेळा पंपिंग केलं की गिअर पडते. डब्यात ऑइल कमी होऊन राहिलं. इंजिन ऑइल टाकलं तर चालते का?

गॅरेज (पांढरकवडा)

इंजिन ऑइल अजिबात नको. आतले रबर सील फुगतात आणि मास्टर-स्लेव्ह (पेडलजवळचा आणि गिअर बॉक्सजवळचा) दोन्ही सिलेंडर जातात. डब्याच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) लिहिलेलं असतं, तेच टाका, आणि सीलबंद डब्यातलं. उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो.

पंपिंग केल्यावर गिअर पडतो म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, आणि ऑइल कमी होतं म्हणजे गळती आहे. नुसती हवा काढून भागणार नाही. आत पेडलच्या वर, मास्टरची दांडी फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) जाते तिथं बोट फिरवून पाहा, ओलं लागलं तर मास्टर. मग गाडीखाली स्लेव्हवरचं रबरी बूट दुमडून पाहा, आतून ऑइल गळलं तर स्लेव्ह. दोन्ही कोरडे असतील तर पाइपाचे सांधे. काही गाड्यांत स्लेव्ह बॉक्सच्या आतच बसवलेला असतो, तिथं बॉक्सच्या सांध्याखाली ओलं दिसतं आणि बॉक्स उतरवावाच लागतो.

एक गोष्ट आजच पाहा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचा डबा एकच असतो. तुमचा तसा असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

गळती काढल्यावर हवा काढायची. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्लेव्हवरची हवा काढायची निपल सैल करायची, बुडबुडे आणि ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत घ्यायचं, निपल आवळायची, आणि मगच पहिल्याला पेडल सोडायला सांगायचं. आधी सोडलं तर हवा परत आत जाते. डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नका. सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं. नळीतून बुडबुडे यायचे थांबले की इंजिन चालू करून, क्लच दाबून थोडं थांबून रिव्हर्स टाकून पाहा, आणि मास्टर निघाला की स्लेव्ह ते इथं लिहा, त्याच्या रबर सीलच्या किटबद्दल सांगतो.